आई मध्ये उभी असते : मराठी साहित्यातील बाप-लेकाचा अबोला

ऐरोलीहून एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या सोसायटीतील वाचनगटाला वडील आणि मुलगा यांच्या ताणलेल्या नात्यावर सहा बैठका घ्यायच्या आहेत. यादी करायला बसल्यावर तुर्गेनेव्ह, दोस्तोयेव्हस्की, काफ्का ही नावे पाच मिनिटांत जमली. मराठीत मात्र ‘नटसम्राट’च्या पुढे गाडी सरकेना. आपल्याकडे हा संघर्ष खरोखरच कमी लिहिला गेला आहे का, तसे असेल तर का, आणि जो आहे तो वाचायचा कसा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे: गटात त्यांचे वडीलही येतात, दोघे एकाच लिफ्टने खाली उतरतात आणि दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसतात.

ठाण्यात ३१ वर्षे मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे हट्टाने देतो. संघर्ष कमी नाही. आपण तो चुकीच्या ठिकाणी शोधतो. बाप आणि मुलगा समोरासमोर उभे राहिले आहेत, आवाज चढले आहेत, एकाने दार आपटले आहे, असा प्रसंग शोधत आपण पाने उलटतो आणि तो सापडला नाही की विषयच नाही असे समजतो. मराठी घरातले हे भांडण सहसा समोरासमोर होतच नाही. त्याला तिसरे माणूस लागते. बहुतेक वेळा ती आई असते, कधी गावचा प्रतिष्ठित, कधी सून, आणि एका फार जुन्या कथेत तर साक्षात यम. हे तिसरे माणूस कोण आहे आणि त्याच्या तोंडून कोणाचे वाक्य बाहेर पडते आहे, इकडे लक्ष दिले की यादी आपोआप लांबते.

याचे एक कारण आपल्या सर्वनामांत आहे. मराठी मुलगा ‘ए आई’ म्हणतो आणि त्याच दमात ‘अहो बाबा’ म्हणतो. आईशी भांडायला व्याकरण मोकळे आहे, वडिलांशी भांडताना मात्र ‘तुम्ही’ची पायरी सांभाळावी लागते आणि पायरी सांभाळून मनापासून भांडता येत नाही. गेल्या दोन-तीन दशकांत शहरी घरांतून ‘ए बाबा’ ऐकू येऊ लागले आहे, पण आपण ज्या पुस्तकांबद्दल बोलणार आहोत ती सगळी ‘अहो’च्या काळातली आहेत. दुसरे कारण एकत्र कुटुंबाचे. वडीलधाऱ्यांच्या देखत स्वतःच्या मुलाला उचलून घेणे बापाला शोभत नसे. घरातले इतर लोक त्याला ज्या नावाने हाक मारत, तीच हाक मुलेही उचलत. त्यामुळे कितीतरी घरांत वडील हे ‘दादा’, ‘भाऊ’, ‘अण्णा’, ‘काका’ झाले. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘श्यामची आई’मध्ये वडील आहेत, कर्जाने वाकलेले आहेत, सावकाराच्या माणसाकडून अपमान सोसतात, मुलांसाठी ते ‘भाऊ’ आहेत आणि पुस्तकाच्या नावात त्यांना जागा नाही. विठ्ठलालासुद्धा आपण ‘माउली’ केले. ज्ञानदेवांच्या अभंगांत ‘बाप रखुमादेवीवरु विठ्ठलु’ अशी मुद्रा येते हे खरे, पण वारीच्या वाटेवर ऐकू येते ती ‘माउली’च. आणि संन्यास घेऊन परतलेल्या विठ्ठलपंतांच्या त्या चार मुलांना वडिलांच्या निर्णयापायी काय भोगावे लागले, हा तर या विषयावरचा एक सबंध प्रकरण भरेल असा मजकूर आहे. तो आज बाजूला ठेवतो.

तुमच्या गटाने सुरुवात आनंद यादवांच्या ‘झोंबी’पासून करावी. हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाप-लेकाच्या ताणाचे याहून चांगले पुस्तक मराठीत मला तरी माहीत नाही. कागलच्या परिसरातला मुलगा, त्याला शाळेत जायचे आहे. बापाला तो शेतात हवा आहे. इतके साधे. बापाला घरात ‘दादा’ म्हणतात, हे मघाशी सांगितल्याच्या संदर्भात लक्षात ठेवावे.

मुलगा शाळेचा विषय प्रथम कोणाकडे काढतो ते पाहा. उसाचे गुऱ्हाळ संपले आहे, शेतातले काम थोडे हलके झाले आहे. आई उन्हात शेणी थापत बसली आहे आणि मुलगा तिला बादलीने पाणी आणून देतो आहे. त्या कामाच्या आडोशाने तो बोलतो. आईही जाणते की आपण दोघांनी मिळून दादाला सांगून काही होणार नाही. मग रात्री दोघे गावातल्या दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात. तिथे कट शिजतो: देसायांनी दादाला बोलावून घ्यायचे, थोड्या वेळाने मुलाने दादाला शोधण्याच्या निमित्ताने यायचे, मग देसायांनी सहज विचारल्यासारखे विचारायचे की तू कितवीत आहेस रे? आणि मायलेकरे इथे आधी येऊन गेली हे दादाला कळता कामा नये. स्वतःच्या बापाला एक वाक्य सांगण्यासाठी मुलाने असे नाटक रचावे, यात त्या नात्याची सगळी लांबी-रुंदी आली. बाप मुलाशी बोलतो तेव्हाही अटीच घालतो: उजाडताच शेतावर जायचे, अकरापर्यंत पाणी द्यायचे, दप्तर सोबत न्यायचे आणि शेतावरूनच शाळेत जायचे, शाळा सुटली की तासभर गुरे चारायची, काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. मुलगा सगळ्याला हो म्हणतो. हे जेवणाच्या वेळी घडते आणि बहुतेक घरांत ते तेव्हाच घडते, कारण बापाला घरात ठरलेल्या वेळी गाठता येईल अशी ती एकच जागा असते.

काही वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या आमच्या छोट्या वाचनगटात ही पाने मोठ्याने वाचली होती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ मागच्या रांगेत बसत, मूळचे कोल्हापूरकडचे. वाचन संपल्यावर सगळे जण मुलाबद्दल बोलत असताना ते म्हणाले, “पोरगं शाळेत गेल्यावर दारं कोण धरणार हो? ते कुणी विचारलंय का?” शहरातल्या आम्हा मंडळींना ‘दारं धरणे’ म्हणजे उसाच्या सरीत पाणी वळवणे हे आधी समजावून घ्यावे लागले. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. त्या बापाला हिशेब कळतो: गावात सर्वांच्या आधी गुऱ्हाळ सुरू केले की गुळाला भाव चांगला येतो, इतकी त्याची नजर पक्की आहे. पण त्यांना उत्तर पुस्तकातच होते. शेतावर मुलाला आणि बायकोला जुंपून हा बाप स्वतः दिवसभर गावात हिंडतो, हे आई देसायांपुढे सांगते. यादवांनी बापाला राक्षसही केले नाही आणि त्याची सुटकाही केली नाही, आणि स्वतःच्या बापाबद्दल लिहिताना हे जमणे फार अवघड असते. गृहस्थांनी ते मान्य केले. उठताना एवढेच म्हणाले, “माझा मुलगा घोडबंदर रोडला राहतो. फोन सूनबाई करते.” त्यानंतर त्या संध्याकाळी चर्चा पुढे सरकली नाही.

हे तिसऱ्या माणसाचे सूत्र घेऊन मागे गेलात तर कठोपनिषदापर्यंत जाता येते. नचिकेताची गोष्ट आपण मृत्यूचे रहस्य म्हणून शिकवतो आणि तिची सुरुवात घाईने उरकतो. बाप यज्ञात सर्वस्वदान करतो आहे, पण देतो आहे म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई. मुलाच्या ते लक्षात येते. तो थेट आक्षेप घेत नाही, वळसा घालून विचारतो: मला कोणाला देणार? दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारतो, आणि बाप चिडून म्हणतो की तुला मृत्यूला दिले. पुढे यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेल्या या मुलाला तीन वर मिळतात. ब्रह्मज्ञान तिसऱ्या वरात आहे. पहिल्या वरात तो मागतो ते असे: माझ्या वडिलांचा राग शांत व्हावा आणि मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून माझ्याशी बोलावे. बापाने आपल्याशी बोलावे यासाठी या मुलाला यमाची मध्यस्थी लागली. वर्गात हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही वर बघत.

ययातीची कथा त्याच्या उलट बाजूची. शापाने अकाली वृद्ध झालेला राजा आपल्या मुलांकडे तारुण्य मागतो; यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नकार देतात आणि धाकटा पुरू देतो. ग्रीक कथेत मुलगा नकळत बापाला मारतो आणि भारतीय कथांतून बहुधा बापच मुलाचे आयुष्य वापरतो, या फरकाकडे ए. के. रामानुजन यांनी लक्ष वेधले होते. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची, ज्ञानपीठ तिला पुढे १९७४ साली मिळाले. पण या विषयासाठी मला गिरीश कर्नाडांचे कन्नड नाटक अधिक उपयोगी वाटते. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची बायको दिली आहे आणि एका दिवसात म्हातारा झालेला नवरा समोर आल्यावर ती विष घेते. बाप-लेकाच्या व्यवहाराची किंमत तिथेही तिसऱ्यानेच मोजली.

आता काफ्का. तुमच्या यादीत तो आहेच, फक्त त्याला ‘झोंबी’च्या शेजारी ठेवा. नोव्हेंबर १९१९ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्याने वडिलांना हाताने शंभराहून अधिक पानांचे पत्र लिहिले. वडील हेर्मान प्रागमधले दुकानदार, अंगापिंडाने धिप्पाड, आवाजाने त्याहून मोठे. पत्रात एक आठवण आहे: लहान असताना रात्री तो पाण्यासाठी कुरकुरत राहिला, तेव्हा वडिलांनी त्याला उचलून नुसत्या सदऱ्यावर बाहेरच्या सज्जात उभे केले आणि दार लावून घेतले. मारले नाही. पण अंधारात येऊन आपला बाप आपल्याला, जवळजवळ विनाकारण, असे उचलून बाहेर ठेवू शकेल, ही भावना त्याला आयुष्यभर पुरली. मित्र माक्स ब्रोड याच्या सांगण्याप्रमाणे काफ्काने हे पत्र वडिलांना पोचवण्यासाठी आईकडे दिले आणि आईने ते त्यालाच परत केले. म्हणजे प्रागमध्येही आई मध्ये उभीच होती. पत्राच्या शेवटी तर त्याने वडिलांचे उत्तरही स्वतःच लिहून टाकले आहे, वडिलांच्या बाजूने, बऱ्यापैकी बोचरे. ज्याच्याशी बोलणे शक्य नाही, त्याचे बोलणे मुलगाच लिहितो; आत्मकथनांचा मोठा भाग याच गरजेतून येतो, असे माझे मत झाले आहे.

तुर्गेनेव्हची १८६२ ची ‘फादर्स अँड सन्स’ ही कादंबरी पिढ्यांतील वैचारिक फरकासाठी वाचली जाते. तीत बाझारोव्ह हा तरुण नायक तीन वर्षांनी घरी येतो आणि तीन दिवसांतच निघतो, आणि निघणार आहे हे बापाला सांगायला त्याला सबंध दिवस जीभ रेटत नाही. तेवढा भाग वाचा, वाद मग. दोस्तोयेव्हस्की एका बैठकीत होणार नाही, त्याला सोडून द्या.

‘नटसम्राट’बद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. हे नाटक १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले, त्यामागे ‘किंग लिअर’ आहे हे सर्वांना ठाऊक आहे आणि गडकरी रंगायतनमध्ये मी ते पाहिले तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंचे प्रेक्षक रडत होते. पण प्रेक्षक रडतात ते कृतघ्न मुलांच्या नावाने, आणि तिथे विषय बंद होतो. मुलाची बाजू नाटकाला फारशी ऐकायची नाही. मंचावर जन्मभर राजा राहिलेल्या बापाच्या घरात वाढणे कसे असते, हे त्या मुलाला, नंदाला, कोणी विचारत नाही. त्याच्या घरातली कुरबुरही प्रामुख्याने सुनेच्या खात्यावर जमा होते. गटात हा प्रश्न टाकून पाहा. तुमच्याकडे साठीच्या पुढचे आणि चाळिशीच्या आतले असे दोन्ही असतील, तर ते लगेच दोन पक्षांत विभागतील.

मध्यस्थ काढून टाकला की काय उरते, ते पाहायचे असेल तर तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ घ्या. ते १९७० साली रंगमंचावर आले आणि सेन्सॉरशी झगडतच आले. त्यात रमाकांत आणि उमाकांत बापाला मारहाण करून त्याच्याकडचा पैसा उकळतात. या घरात मध्ये उभी राहील अशी आई नाही आणि ‘तुम्ही’ची पायरीही उरलेली नाही. सगळ्यांना पेलेल असे हे नाटक नाही; सोसायटीच्या सभागृहात मोठ्याने वाचू नका, एवढा व्यावहारिक सल्ला. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त बाप पडदा उघडण्याआधीच वारलेला आहे आणि तेराव्याच्या खर्चावरून मुले अडून बसली आहेत, अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. बाप गेल्यावर त्याच्याशी असलेले भांडण भावाभावांत वाटले जाते, हे ज्यांनी घराची वाटणी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये शिवाजी आणि संभाजी आहेत, इतिहासाचा अभिमान थोडा वेळ दाराबाहेर ठेवून ते एका घराचे नाटक म्हणून वाचता आले तरच त्याचा उपयोग.

एक गोष्ट मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळी ठेवावी लागेल. मराठी माणसाच्या नावात बाप मधोमध बसलेला असतो: आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. बापाशी अबोला धरलेला मुलगाही प्रत्येक अर्जावर त्याचे नाव लिहीत असतो. ज्यांना ते मधले नावच मिळाले नाही, त्यांच्यासाठी बापाविरुद्ध बंड ही चैनीची गोष्ट आहे. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ चे. पाटलापासून झालेल्या, पण बापाने नाव न दिलेल्या मुलाचे हे आत्मकथन आहे आणि शीर्षकच ती शिवी आहे. दहा वर्षांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ आले, त्याच्या लेखकाने मधल्या जागी आईचे नाव लावले: किशोर शांताबाई काळे. काफ्का वाचून झाल्यावर ही दोन पुस्तके वाचली की सज्जातल्या त्या मुलाबद्दलची आपली कणव कमी होत नाही, पण दाराच्या आत निदान त्याचे घर होते, हे दिसू लागते.

आईच्या मध्यस्थीचा सर्वांत बोलका प्रसंग मला साहित्याबाहेर सापडला, नंतर तो साहित्यातही आला. हरिलाल गांधी वडिलांपासून तुटले त्यामागे अनेक गोष्टी होत्या. बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला जाण्याची संधी वडिलांनी आपल्याला न देता दुसऱ्याला दिली, ही त्यांतली एक. दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवी यांनी ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे नाटक लिहिले, ते अवश्य घ्या. हरिलालबद्दल सांगितला जाणारा प्रसंग कटनी स्टेशनचा आहे. गाडी थांबते, गर्दी बापूंचा जयजयकार करत असते आणि त्यात एकच आवाज कस्तुरबांच्या नावाचा येतो. फाटक्या अवतारातला मुलगा खिडकीशी येऊन आईच्या हातात एक संत्रे ठेवतो. बापू विचारतात, माझ्यासाठी काय आणलेस? तो म्हणतो, तुमच्यासाठी काही नाही, हे फक्त बाचे आहे. बाप समोर दोन हातांवर बसलेला असताना मुलगा आईला फळ देतो, आणि जे बोलायचे ते त्या संत्र्यातून बोलतो.

शेवटच्या बैठकीसाठी एक कविता सुचवतो, आणि ती इंग्रजी आहे याचे आश्चर्य वाटू देऊ नका. दिलीप चित्रे मराठीतले मोठे कवी; पण संध्याकाळच्या उशिराच्या लोकलमध्ये मुक्या प्रवाशांत, पिवळट उजेडात उभ्या असलेल्या आपल्या वडिलांवरची ‘Father Returning Home’ ही कविता त्यांनी इंग्रजीत लिहिली. घरी आल्यावर ते पाणचट चहा पितात, शिळी पोळी खातात, पुस्तक वाचतात. रुसलेली मुले त्यांना आपल्या विनोदांत सामील करून घेत नाहीत. या कवितेत मध्ये उभे राहणारे कोणीही नाही, आईसुद्धा नाही. मुलगा लांबून बघतो आणि लिहितो. वडिलांबद्दल बोलायला ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा पेच नसलेली भाषा सोयीची पडली असावी, हा माझा तर्क. तुमच्या गटातल्या बारावीच्या मुलांनी ती पाठ्यपुस्तकात वाचली असेल. ठाणे स्टेशनवर रात्री साडेनऊला उतरणाऱ्यांनी ती न वाचताही पाहिली आहे.

क्रम असा ठेवा: ‘झोंबी’, मग नचिकेत आणि ययाती एकत्र, मग काफ्का, मग ‘नटसम्राट’, मग ‘अक्करमाशी’, शेवटी ही कविता. ‘गांधी विरुद्ध गांधी’ आणि उरलेली नाटके ज्याने त्याने घरी वाचावीत. ‘झोंबी’तला देसायांच्या वाड्यावरचा प्रसंग पहिल्या दिवशी मोठ्याने वाचायचा आहे, त्यासाठी चार आवाज लागतील: आई, मुलगा, देसाई आणि दादा. मुलाचे वाचन तुम्ही करा. दादाचे वाचन कोणाला द्यायचे हे गटात विचारू नका. आदल्या दिवशी पुस्तकाची ती पाने खुणेची चिठ्ठी घालून वडिलांच्या टेबलावर ठेवा, आणि ती आईच्या हातून पाठवू नका.